तार कुठे तुटली ते आधी पाहा

इलेक्ट्रिक गिटारची तार वरचेवर तुटत असेल तर नवा सेट चढवण्याआधी तुटलेलं टोक नीट बघा. ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा अडकवतात तिथे, तुटली असेल तर दोष बहुधा सॅडलचा, म्हणजे ब्रिजवर तारेला टेकू देणाऱ्या छोट्या तुकड्याचा. तार टेकते तिथे धातूला बारीक धार आलेली असते. कापूस फिरवा, तंतू अडकले की जागा सापडली. जुन्या जाड तारेभोवती ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेत आठ-दहा वेळा हलकेच फिरवा, मग १२०० चा. धार मोडायची, खाच खोल करायची नाही. खुंटीपाशी तुटत असेल तर भोकाची कड तशीच घासा. मधेच तुटली तर बहुतेक गंज. ठाण्यात खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा; वाजवून झालं की तारा खालच्या बाजूनेही सुती फडक्याने पुसाच.