‘सर, जॉब आहे का?’ : ओळखीतून पहिली नोकरी शोधताना या चुका टाळा

इंजिनीअरिंगचे निकाल लागायला लागले की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबर उगवतात. मी पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत मशिनिंगच्या एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटी बघतो. माणसं घेणं माझ्या हातात नाही. तरी गावाकडून, भाचीच्या मैत्रिणीच्या भावाकडून, कुठून कुठून माझा नंबर फिरत राहतो. मेसेज ठरलेला : ‘हाय सर, जॉब आहे का?’ खाली पीडीएफ, फाइलचं नाव ‘न्यू बायोडाटा फायनल २’. शाखा कोणती, नंबर कुणी दिला, काहीच नाही. मी ‘सध्या नाही’ लिहितो आणि विषय संपतो. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर देता येतच नाही, आणि पहिली चूक तीच आहे.

मागच्या पावसाळ्यात एक वेगळा मेसेज आला : ‘नमस्कार. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या सरांनी तुमचा नंबर दिला. यंदा मेकॅनिकल झालं. व्हर्नियर, मायक्रोमीटर येतं, साधं ड्रॉइंग वाचतो, जीडी अँड टी कच्चं आहे. क्वालिटीत यायचंय. फ्रेशरला पहिले सहा महिने काय काम असतं, एवढं विचारायचं होतं. गुरुवारी सुट्टी असेल तर दहा मिनिटं फोन करू का?’

‘गुरुवारी’ वाचलं आणि मी थांबलो. भोसरी-पिंपरीकडच्या बहुतेक कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. हे त्यानं कुणाला तरी विचारून घेतलं होतं. काय येतं हे लिहिलं होतंच, काय येत नाही तेही लिहिलं होतं (जीडी अँड टी म्हणजे ड्रॉइंगवरच्या आकारात, जागेत किती फरक चालेल ते सांगणाऱ्या खुणा). फोनवर त्यानं नोकरी मागितलीच नाही. माल रिजेक्ट कशामुळे होतो, फर्स्ट पीस, म्हणजे मशिनवरचा पहिला नग, कोण पास करतं, हेच विचारत राहिला. दहाची चाळीस मिनिटं कधी झाली कळलं नाही. तीन आठवड्यांनी शेजारच्या गाळ्यातला इन्स्पेक्टर सोडून गेला, तेव्हा मला आठवलेलं नाव त्याचंच होतं.

ओळख म्हणजे वशिला, असं समजून गप्प बसणं

आपल्याकडच्या हुशार मुलांना ही खोड फार. ‘मी कुणापुढे हात पसरणार नाही, माझ्या मार्कांवर मिळवीन.’ बाणा चांगला आहे, पण छोट्या युनिटमधल्या जागेची जाहिरात बहुधा निघतच नाही. मालक सुपरवायझरला विचारतो, ‘कुणी आहे का बघण्यात?’ त्या क्षणी सुपरवायझरला तुम्ही माहीत असावं लागतं. लायक नसताना कुणाच्या चिठ्ठीवर आत शिरणं हा वशिला. ‘मी हे शिकलोय, मला असं काम हवंय’ हे चार माणसांना ठाऊक असणं हा वशिला नव्हे.

फक्त मामा-काकांना सांगणं

जवळच्या माणसांना जीव असतो, पण बातम्या त्यांच्याकडेही तुमच्याकडे असतात तेवढ्याच. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं होतं, की ज्याच्याकडून नोकरी कळली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? १९७३ साली त्यांनी निष्कर्ष छापला : नेहमी भेटणारा माणूस सहापैकी एकाच्याच कामी आला होता, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी कळवलं होतं. तेव्हा दोन वर्षं पुढचा सीनियर, इंटर्नशिपच्या वेळचा ऑपरेटर, मेसमध्ये समोर बसणारा डिप्लोमावाला, यांची यादी आधी काढा.

शब्द टाकणाऱ्याचं काय जातं, याचा विचार न करणं

याचा मला चटका बसलाय. एका पोराला मी ओळखीच्या ठिकाणी चिकटवलं. आठ दिवस गेला, नवव्या दिवशी फोन बंद. काम उभ्यानं होतं आणि सेकंड शिफ्ट होती, एवढंच कारण. त्यानंतर वर्षभर त्या मालकानं माझ्याकडून माणूस मागितला नाही. म्हणजे ओझं त्याच्यानंतर येणाऱ्या पोरांवर पडलं. शिफ्ट, पगार, कंपनीच्या रोलवर घेणार की कंत्राटदाराकडून, हे सगळं जायच्या आधी खुशाल विचारा. त्यात कुणाला राग येत नाही. नको असेल तर नाही म्हणा. गेल्यावर पटलं नाही तर मालकाला सांगून, आणि पाठवणाऱ्यालाही फोन करून सोडा.

चुकीच्या गेटवर उभं राहणं

स्वतः जाऊन भेटावं, यात वाद नाही. पण चाकणच्या मोठ्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीकडे बायोडाटा दिला की तो तिथल्याच ट्रेमध्ये राहतो. तेच श्रम भोसरीच्या जे ब्लॉक, एस ब्लॉकमधल्या गाळ्यांवर करा, तिथे मालक बऱ्याचदा स्वतःच बसलेला असतो. डिस्पॅचची गाडी भरायची असते त्या संध्याकाळी मात्र जाऊ नका.

मोठ्या कंपनीत शिरायचंच असेल तर अप्रेंटिसशिपला नाक मुरडू नका. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला कायद्यानं मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. पदवी आणि डिप्लोमावाल्यांसाठी ‘नॅट्स’ हे सरकारी पोर्टल आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराचा किमान स्टायपेंड महिना ९,००० रुपये ठरला होता. त्यात खोलीभाडं आणि मेस जेमतेम भागते, हे खरं. पण वर्षभर तुम्ही गेटच्या आत असता, आणि पुढची निम्मी ओळख तिथल्या कँटीनमध्ये होते.

नोकरीसाठी आधी पैसे मागणारा, मग तो ‘डिपॉझिट’ म्हणो की ‘फाइल चार्ज’, तिथून उठून यायचं. गावचा असला तरी.

एकदा विचारून गायब होणं, किंवा रोज ‘काही झालं का’ विचारणं

दोन्ही त्रासाचंच. दोन-तीन आठवड्यांनी एक मेसेज पुरे, आणि त्यात काहीतरी नवं असावं : ‘तुम्ही म्हणालात तसं जीडी अँड टीचं वाचायला घेतलंय, पोझिशन टॉलरन्सला अडलोय.’ अशा मेसेजला मी जेवणाच्या सुट्टीत तरी उत्तर देतोच.

नोकरी दुसरीकडून लागली तरी कळवा. मी दोन जागी तुमचं नाव सांगून ठेवलेलं असतं. परवाच एका मालकाला अशाच एका पोराचा फोन लावून दिला, तर पोरगा म्हणतो, ‘सर, मी दिवाळीपासून रांजणगावला आहे की!’