एफपीजीए सुरू व्हायला वेळ लागतोय? या चुका टाळा

एफपीजीए म्हणजे वीज आल्यावर आपलं डिझाइन बाहेरच्या फ्लॅश मेमरीतून वाचून घेणारी चिप. बोर्डाला वीज दिली, पॉवरचा दिवा लागला आणि ‘डन’चा, म्हणजे डिझाइन चढल्याचा, दिवा लागेपर्यंत पाच-सहा सेकंद नुसतं बघत बसायचं. आर्टिक्स-७ या एफपीजीए मालिकेतल्या ३५टी चिपवर हे सर्रास दिसतं. काही जण तो चिपचा स्वभाव मानून सोडून देतात, तर काही जण लगेच सेटिंग्ज फिरवायला घेतात. त्याआधी ऑसिलोस्कोप लावा: एक प्रोब वीजपुरवठ्यावर, एक इनिट-बी पिनवर (चिपची सुरुवातीची तयारी झाली की ही वर जाते), एक डनवर आणि एक तुमच्या डिझाइनने ‘मी तयार’ म्हणून वर नेलेल्या पिनवर. वीज आल्यापासून इनिट-बी वर जाईपर्यंत चिपचा स्वतःचा रिसेट चालतो. तिथून डनपर्यंत फ्लॅशमधला बिटस्ट्रीम, म्हणजे डिझाइनची बिटांची फाइल, वाचला जातो; हेच कॉन्फिगरेशन. डननंतरचा वेळ मात्र तुमच्या डिझाइनचा. यातला कोणता तुकडा लांबलाय हे दिसलं की अर्धं काम झालं.

डिफॉल्ट सेटिंगवर विसंबणं

बहुतेक वेळा दोष सापडतो तो मधल्या तुकड्यात. ३५टीचा बिटस्ट्रीम १,७५,३६,०९६ बिटांचा. विवाडो या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच बदललं नाही, तर चिप तो ३ मेगाहर्ट्झने, एकाच डेटा लाइनवरून वाचते. भागाकार करून पाहा, ५.८ सेकंद येतात. तोच बिटस्ट्रीम ५० मेगाहर्ट्झने चार लाइन्सवरून वाचला तर ८८ मिलिसेकंद. म्हणजे कॉन्फिग रेट (वाचण्याच्या क्लॉकचा वेग) आणि एसपीआय बस विड्थ (फ्लॅशकडच्या डेटा लाइन्सची संख्या) या दोन सेटिंग्जनीच काम होतं. रोज जेटॅगवरून, म्हणजे संगणकाच्या केबलने थेट चिपमध्ये, डिझाइन चढवणाऱ्याला हे जाणवतही नाही, कारण त्या वाटेत फ्लॅश येतच नाही.

मग थेट सर्वात मोठा आकडा निवडणं

ही चूक जास्त महागात पडते. चिपच्या आतल्या ऑसिलेटरची अचूकता अधिक-उणे ५० टक्के आहे. तुम्ही ५० निवडलेत तरी एखाद्या चिपवर ते ७५ असेल, एखादीवर २५. टेबलावरचा बोर्ड व्यवस्थित चालतो आणि उत्पादनातले काही बोर्ड डनपर्यंत पोचतच नाहीत, त्याचं एक कारण हे.

दुसरा मुद्दा क्लॉकच्या कडांचा. फ्लॅश डेटा बाहेर काढते उतरत्या कडेवर आणि एफपीजीए तो उचलतो लगेच पुढच्या चढत्या कडेवर, म्हणजे हाताशी फक्त अर्धं चक्र. ५० मेगाहर्ट्झला हे अर्धं चक्र १० नॅनोसेकंदांचं. फ्लॅशला डेटा काढायला ७ लागले आणि एफपीजीएला सेटअपसाठी (कडेआधी डेटा स्थिर राहायला) ३, तर बोर्डावरच्या ट्रेससाठी काहीच उरत नाही. ‘एसपीआय फॉल एज’ सेटिंग चालू केलं की डेटा उतरत्या कडेवर उचलला जातो आणि पूर्ण चक्र मिळतं. बोर्ड अजून कागदावरच असेल तर बाहेरचा क्रिस्टल ऑसिलेटर ईएमसीसीएलके या बाहेरच्या क्लॉकच्या पिनला जोडायची सोय ठेवा. अधिक-उणे ५० टक्क्यांची भानगडच संपते. माझ्या मते वेगाची खरोखर निकड असलेल्या कुठल्याही बोर्डावर ती हवीच.

चार लाइन्स निवडल्या आणि डन खालीच राहिला, तर फ्लॅशमधला क्वाड एनेबल बिट (चार लाइन्स वापरू देणारा) तपासा. बाहेरच्या प्रोग्रामरने फ्लॅश भरली असेल तर तो चालू करायचा बहुधा राहून गेलेला असतो.

कॉम्प्रेशनच्या भरवशावर वेळेचं गणित मांडणं

बिटस्ट्रीम कॉम्प्रेशन जरूर वापरा, फुकटचा फायदा आहे. पण ते चालतं सारख्या फ्रेम्स (बिटस्ट्रीमचे ठरावीक तुकडे) एकदाच साठवून. चिप निम्मी रिकामी असताना फायदा भरपूर दिसतो. डिझाइन भरत गेलं की तो आटतो. म्हणून गणित पूर्ण लांबीवर आणि सर्वात मंद क्लॉकवर मांडा.

पीसीआय एक्सप्रेस कार्डात हे फार जाणवतं. वीज स्थिर झाल्यावर रिसेट किमान १०० मिलिसेकंद धरलेला असतो आणि तो सुटल्यापासून २० मिलिसेकंदांत कार्डाने लिंक ट्रेनिंग, म्हणजे संगणकाशी दुवा जुळवणं, सुरू करायला हवं. त्यातले १० ते ५० मिलिसेकंद चिपचा पॉवर-ऑन रिसेटच खातो. वरचे ८८ आता तितकेसे ऐसपैस वाटत नाहीत. लक्षण ठरलेलं: संगणक बंद करून चालू केला की कार्ड दिसत नाही, नुसता रीस्टार्ट केला की दिसतं, कारण रीस्टार्टमध्ये वीज जात नाही आणि एफपीजीए भरलेलाच राहतो. मोठ्या चिप्ससाठी टँडम पद्धत आहे, तीत लिंकपुरता भाग आधी चढतो आणि बाकीचा मागाहून.

प्रोग्राम-बी खाली धरून ठेवणं

फ्लॅशची वीज उशिरा येत असेल तर एफपीजीएला थांबवावं लागतं. त्यासाठी बरेच जण प्रोग्राम-बी ही चिपची पुन्हा कॉन्फिगर करायची पिन खाली धरतात. ७ मालिकेत वीज येताना ती खाली धरल्याने कॉन्फिगरेशन थांबत नाही. थांबवायचं असेल तर इनिट-बी खाली धरा.

डन लागला म्हणजे झालं, असं समजणं

डन लवकर येतो, तरी यंत्र सुस्त? मग आत मायक्रोब्लेझ (एफपीजीएच्या आत बसवलेला प्रोसेसर) आहे का पाहा. त्याचा तयार एसरेक बूटलोडर फ्लॅशमधून प्रोग्राम वाचून डीडीआर मेमरीत टाकतो. एसरेक हे मजकुराचं स्वरूप, एका बाइटला दोन अक्षरं, त्यामुळे फाइल मूळ प्रोग्रामच्या दुपटीहून मोठी. वर ‘व्हर्बोज’ (प्रगती छापत राहायचं सेटिंग) चालू असेल तर फाइलच्या प्रत्येक नोंदीगणिक यूआर्ट या सिरियल पोर्टवर एक ओळ छापली जाते. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद. हजारो नोंदींचा हिशोब तुम्हीच करा. कॉन्फिगरेशनमधले मिलिसेकंद वाचवायला कुणी आठवडा घालवतो आणि इथे मिनिटं वाहून जात असतात. कोडमधली व्हर्बोजची ती एक ओळ कॉमेंट करून बंद करा. तेवढ्यानेही भागलं नाही, तर एसरेक सोडून बायनरी इमेज सरळ कॉपी करणारा छोटा लोडर लिहा.