पाणी नव्हे, गाळ तपासा: विहिरीतले परजीवी असे शोधा

एप्रिल-मे मध्ये टँकर येतो, पाइप थेट गावच्या विहिरीत सोडला जातो आणि पुढच्या तासाभरात तिच्यात पन्नास पोहरे उतरतात. यातला प्रत्येक पोहरा आधी जमिनीवर टेकलेला असतो. जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, पाण्यात क्लोरीन उरलंय का हे सांगणाऱ्या ओटी चाचणीत पाणी पिवळं होतं आणि सगळे निर्धास्त होतात. तरीही चार घरांतल्या लेकरांची पोटं महिनाभर बिघडलेलीच.

क्लोरीननं बहुतेक जिवाणू मरतात. पण हगवण लावणाऱ्या जिआर्डिया या सूक्ष्म परजीवीचं कवच त्याला बराच वेळ दाद देत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या परजीवीवर तर टीसीएलच्या नेहमीच्या मात्रेचा काही परिणामच होत नाही. म्हणून पिवळा रंग दिसला की पाण्यात परजीवी नाहीत, असं धरून चालू नका.

आधी विहिरीभोवती फिरा. कठडा फुटलाय का, सांडपाणी मुरतंय का, जनावरं कुठं बांधतात, शोषखड्डा पन्नास फुटांच्या आत आहे का, हे बघा. हापसा असेल तर त्याच्या ओट्याच्या भेगा तपासा. आपल्याकडचा काळा कातळ भेगाळ आहे. वरचं पाणी मातीतून गाळून न येता त्या भेगांतून सरळ खाली उतरतं. पहिल्या मोठ्या पावसानंतरचे चार-आठ दिवस सगळ्यात महत्त्वाचे. मला एकच दिवस मिळाला तर मी तेव्हाच नमुना घेईन.

मग दुहेरी धोतरातून दोन घागरी पाणी गाळा आणि फडकं पांढऱ्या ताटात थोड्या पाण्यात उलटं खळबळा. झटके देत पळणारे पांढुरके ठिपके दिसले तर ते सायक्लॉप्स, म्हणजे पाण्यातले बारीक जीव. पूर्वी नारूचा जंत यांच्यातूनच पोटात जायचा. पायऱ्यांच्या बारवेत माणूस पाय बुडवून पाणी भरायचा आणि पायातला नारू तिथंच पिल्लं सोडायचा. जखमेतून निघणारा तो जंत काडीला गुंडाळत रोज थोडा-थोडा ओढून काढल्याचं सांगणारे म्हातारे अजून भेटतात. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आता ताटात सायक्लॉप्स दिसले तर घाबरायचं कारण नाही, पण पाणी उघडं आहे एवढं नक्की कळतं.

मैल्यातले जिवाणू ओळखणारी हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटलीही या पाण्यानं भरून ठेवा. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर मैला मिसळल्याचा संशय घ्या. काळं पडलं नाही म्हणून परजीवी नाहीत असं नाही. जिवाणू क्लोरीननं मेलेले असतात, परजीवी टिकून असतात.

आता मुख्य काम. हे जंतू इतके विरळ असतात की पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून काहीच हाती लागत नाही. स्वच्छ बादलीत दहा लिटर पाणी घ्या. नुसतं ठेवून भागत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम जेमतेम 4 ते 6 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तो रात्रभरात तळाला बसत नाही. म्हणून रांजणात फिरवतो तसा तुरटीचा खडा फिरवा आणि बादली झाकून सकाळपर्यंत हलवू नका. सकाळी सलाईनच्या नळीनं वरचं पाणी काढा. नळी तोंडानं ओढायची नाही, आधी पाण्यानं भरून घ्यायची. तळाचं पेलाभर उरलं की थांबा. शाळेत किंवा प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज (जोरात फिरवून गाळ तळाला बसवणारं यंत्र) असेल तर तो गाळ फिरवून आणखी घट्ट करा.

काचपट्टीवर गाळाचा एक थेंब, आयोडीनचा एक थेंब, वर आच्छादन काच. आधी 10 च्या भिंगानं जंतांची अंडी शोधा. तपकिरी, खडबडीत सालीची, 45 ते 75 मायक्रॉनची, म्हणून ती सहज सापडतात. मग 40 चं भिंग: जिआर्डिया लांबट, 8 ते 12 मायक्रॉनचा, आमांशाचा अमिबा गोल, चारपर्यंत केंद्रकं असलेला. त्याच्यासारखाच दिसणारा एक निरुपद्रवी भाऊही आहे, नुसत्या नजरेनं दोघांत फरक करता येत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम आयोडीन घेत नाही; त्याला क्षयाच्या थुंकीला वापरतात तसला लाल रंग लागतो, म्हणून तो प्रयोगशाळेवर सोडा.

पहिल्या दिवशी मुलं हवेचा प्रत्येक बुडबुडा ‘जंतू’ म्हणून दाखवतात. परागकण आणि शेवाळही फसवतात. संशय आला की दुसरी पट्टी करा, मोबाइलनं फोटो काढा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञाला दाखवा. दिसलेला परजीवी जिवंत की मेलेला, हेही या पद्धतीनं कळत नाही. आणि काहीच दिसलं नाही तरी पाणी शुद्ध ठरत नाही.

खरा दुवा माणसांकडून मिळतो. एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या घरांत दोन आठवड्यांपेक्षा जास्त हगवण, तेलकट घाण वासाचं शौच किंवा रक्ताची आव असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा शौचाची तपासणी करायला सांगा. जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही, एका नमुन्यात अनेकदा सुटतो. ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवा, पण तिथली नेहमीची चाचणी जिवाणू आणि क्षारांची असते. परजीवींची तपासणी कुठं होईल, हे आधी विचारून घ्या.

निकाल येईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळ उकळा, उकळी एक मिनिट राहू द्या. उरलेला गाळही उकळा आणि मगच विहिरीपासून लांब टाका. हात साबणानं धुवा, बादली घासून उन्हात पालथी घाला, आणि ती पुन्हा पिण्याच्या पाण्याला वापरू नका.