‘अस्क्राइब’ हे इंग्रजी क्रियापद कसे वापरावे

मराठीत एखादी गोष्ट कुणाच्या माथी मारायची की पदरात टाकायची, हे आधी ठरवावे लागते. चांगली असेल तर श्रेय देतो, वाईट असेल तर खापर फोडतो. ‘अस्क्राइब’ला दोन्ही चालते. म्हणून ‘श्रेय देणे’ एवढाच अर्थ पाठ केलात तर फसाल.

आधी मूळ पाहा. लॅटिनमधले ‘अद’ म्हणजे कडे आणि ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणे. खतावणीत रक्कम एखाद्याच्या खाती टाकतात, तसेच हे. ‘डिस्क्राइब’ आणि ‘प्रिस्क्राइब’ ही याचीच भावंडे. उच्चारात जोर ‘क्राइब’वर.

आता वाक्याचा साचा. परिणाम आधी, मग ‘टु’, शेवटी कारण: ‘शी अस्क्राइब्ज हर सक्सेस टु हार्ड वर्क.’ आपला पाय घसरतो तो इथेच. मराठीत ‘कष्टांमुळे यश मिळाले असे ती मानते’ म्हणतो, म्हणजे कारण पुढे. तोच क्रम इंग्रजीत नेला की ‘शी अस्क्राइब्ज हार्ड वर्क टु हर सक्सेस’ होते, म्हणजे यश मिळाले म्हणून ती कष्टाळू झाली! ‘टु’च्या जागी ‘फॉर’ किंवा ‘विथ’ तर मुळीच नको.

खरी मजा कर्मणी प्रयोगात आहे. ‘द इलियड इज ट्रॅडिशनली अस्क्राइब्ड टु होमर.’ इलियड हे प्राचीन ग्रीक महाकाव्य होमरने लिहिले असे लेखक इथे म्हणत नाही, परंपरा तसे मानते एवढेच सांगतो. संत नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत नंतरच्या विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्या आहेत, असे अभ्यासक मानतात. अभंगात गुंफलेली नाममुद्रा दोघांचीही ‘नामा’. अशा एखाद्या अभंगाबद्दल इंग्रजीत लिहिताना ‘रिटन बाय’ म्हटले तर पुराव्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ‘अस्क्राइब्ड टु’ म्हटले की सुटलात.

गुण किंवा भावना चिकटवण्यासाठीही हेच क्रियापद चालते. मांजर रुसले असे आपण म्हणतो, तेव्हा ‘वी अस्क्राइब ह्यूमन फीलिंग्ज टु द कॅट.’

शेजारच्या शब्दांपैकी ‘ॲट्रिब्यूट’ जवळजवळ समानार्थी आणि जास्त रुळलेला. शंका आली तर तोच घ्या. ‘इम्प्यूट’ला मात्र बहुधा आरोपाचा वास असतो. ‘आय डोंट अस्क्राइब टु दॅट व्ह्यू’ हे वाक्य चुकीचे आहे. मत पटत नसेल तर ‘सब्स्क्राइब’ हवे. ही चूक इंग्रज मंडळीही करतात, तेव्हा फार लाजू नका.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘अस्क्राइब्ड स्टेटस’ भेटतोच: जन्माने मिळालेला दर्जा, उदाहरणार्थ जात. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ राल्फ लिंटन यांनी १९३६मध्ये त्याच्यासमोर ‘अचीव्ह्ड’, म्हणजे स्वतः मिळवलेला दर्जा, ठेवला. तिथेही अर्थ तोच: कुणीतरी तुमच्या नावावर लिहून टाकलेले.

ऑफिसच्या साध्या मेलमध्ये मात्र हा शब्द नको. ‘उशीर पावसामुळे झाला’ एवढ्यासाठी ‘बिकॉज ऑफ’ पुरते.