पांढऱ्या गाडीला खोल चमक आणायचीय? वॅक्सचा डबा शेवटी उघडा

पांढरी गाडी घेताना सगळे सांगतात की मेंटेन करायला सोपी, धूळ दिसत नाही, उन्हात कमी तापते, आणि ते खरंच आहे. पण पुण्यात दोन-तीन वर्षं रस्त्यावर फिरली की तीच गाडी खडूसारखी भुरकट दिसायला लागते, मग आपण वॅक्सचा डबा आणतो, रविवारची अख्खी सकाळ घासतो, संध्याकाळी बघून खूश होतो आणि आठवड्याभरात परत जैसे थे. वॅक्स वाईट नसतं हो, ते घाणीवर लावलेलं असतं एवढंच.

काळ्या गाडीची चमक म्हणजे आरशासारखं प्रतिबिंब. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तो आलेला उजेड सगळ्या बाजूंनी परत फेकतो, त्यामुळे वरच्या क्लिअर कोटचं, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचं, प्रतिबिंब त्या उजेडात हरवून जातं. म्हणून पांढऱ्यावर डेप्थ दिसायची तर क्लिअर कोट एकदम स्वच्छ आणि गुळगुळीत लागतो, त्यावर ब्रेकची धूळ, डांबर, क्षार, झाडाचा चिकटा असं काहीही बसलं की रंग लगेच करडा किंवा पिवळट वाटतो. थोडक्यात ही चमक वरून चढवायची नसते, खालून मोकळी करायची असते.

आधी गाडी साध्या शाम्पूने नीट धुवा आणि एक टेस्ट करा. भाजीवाला कोथिंबीर देतो तसली पातळ कॅरीबॅग हातात घाला आणि धुतलेल्या ओल्या बॉनेटवरून बोटं हलकेच फिरवा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागत होतं ते पिशवीतून बारीक रवाळ, खरखरीत लागेल. तीच ती बसलेली घाण, शाम्पूने न निघणारी. मग डिकीच्या खालच्या भागावर आणि मागच्या बंपरवर नीट बघा, बारीक केशरी ठिपके दिसतील. लोकांना वाटतं आतून गंज आला. बहुतेक वेळा तसं नसतं, ते लोखंडाचे बाहेरून येऊन बसलेले कण असतात, ब्रेक पॅडचे, रेल्वेचे, ग्राइंडिंगचे. भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या किंवा रेल्वे लाइनला लागून पार्क होणाऱ्या पांढऱ्या गाड्या बघा, लगेच कळेल.

आता धुण्याबद्दल, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं. सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसायला जो मुलगा येतो त्याच्याकडे एक बादली, एक फडका आणि पंधरा-वीस गाड्या असतात. पाचव्या गाडीपासून पाण्याचा रंग चहाचा होतो आणि त्याच फडक्याने तुमचं बॉनेट पुसलं जातं, म्हणजे पाषाण रोडची माती बाणेरच्या गाडीवर घासली जाते. त्या मुलाचा दोष नाही, त्याला तेवढाच वेळ मिळतो. त्याला सांगा की काचा आणि आतली मॅट तेवढी कर, बॉडीला हात लावू नको, पैसे तेवढेच घे. खूप जणांना हे पटत नाही, रोज पुसली नाही तर गाडी घाण दिसते म्हणतात. दिसू दे की दोन दिवस, कोरडी धूळ नुसती बसून राहिली तर काही बिघडत नाही, ती घासली की बिघडतं.

स्वतः धुताना आधी पाण्याच्या जोराने माती सोडवा, मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत साधं पाणी, मिट (धुवायचा मऊ हातमोजा) प्रत्येक पॅनलनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत. वरून खाली या, दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी. भांड्याचं लिक्विड नको, वॅक्स असेल तर तेही काढून टाकतं.

पाणी हा पुण्यातला वेगळाच विषय आहे. नळाला खडकवासल्याचं पाणी येत असेल तर नशीबवान आहात, पण वाघोली, वाकड, उंड्री वगैरे बाजूला बोअर आणि टँकरवर चाललेल्या सोसायट्यांत पाणी जड असतं, उन्हात वाळलं की क्षारांचे गोल डाग राहतात. पांढऱ्यावर ते लांबून दिसत नाहीत, फक्त गाडी निस्तेज वाटते. आणि हो, पाणी वाचवायचं म्हणून आरओचं वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुणारे बरेच आहेत, हेतू चांगला आहे पण त्या पाण्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षा जास्त असतात, ते लादी पुसायला ठेवा. गाडीला जड पाणीच वापरायचं असेल तर सावलीत धुवा आणि वाळायच्या आत मोठ्या मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्या. ताजे डाग असतील तर पांढरा व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात, कापडाने लावून मिनिटभर ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. जुने, आत रुतलेले डाग याने जात नाहीत, त्यांना पॉलिशच लागतं.

मग खरी सफाई. खालच्या दरवाजांवर आणि चाकांच्या मागे डांबराचे काळे ठिपके असतील ते टार रिमूव्हरने आधी काढा. रॉकेल लावणारे आहेत अजून, पण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि वर परत धूळ चिकटते. त्यानंतर आयर्न रिमूव्हर, म्हणजे ते लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे. बॉडी थंड हवी, हात ठेवून बघा, गरम लागली तर थांबा, एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आतच हे काम करा. एका बाजूला स्प्रे मारून तीन-चार मिनिटं ठेवायचं, अजिबात वाळू द्यायचं नाही. यात थायोग्लायकोलेट असतं, ते लोखंडाशी रिअ‍ॅक्ट होऊन जांभळं होतं, आणि हे बघायची मजा पांढऱ्या गाडीवरच आहे. स्वच्छ वाटणाऱ्या दारावरून जांभळे ओघळ खाली यायला लागतात तेव्हा शेजारचे काका पण थांबून विचारतात की हे काय चाललंय. वास मात्र सडक्या अंड्याचा येतो, बेसमेंटमध्ये करू नका, हातात ग्लोव्ह्ज घाला. नंतर दाबून पाणी मारा.

एवढं करूनही पिशवीच्या टेस्टला खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी. फाइन ग्रेड घ्या, अर्धाच तुकडा वापरा, बाकीचा जपून ठेवा. पॅनलवर ल्युब्रिकंट किंवा शाम्पूचं पाणी भरपूर मारायचं आणि दोन बाय दोन फुटाच्या भागात हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायचा, गोल गोल नाही. सुरुवातीला क्ले अडकत अडकत जातो, आवाजही येतो, मग एकदम सटकन सरकायला लागतो, तो भाग झाला. क्ले दर थोड्या वेळाने मळून स्वच्छ बाजू वर घ्या, आणि खाली जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, जीव लावू नका.

पॉलिशला यायच्या आधी एक सांगतो. पांढऱ्यावर स्वर्ल मार्क, म्हणजे पुसण्या-घासण्याचे बारीक ओरखडे, दिसत नाहीत, मोबाइलचा टॉर्च मारला तरच कोळ्याच्या जाळीसारख्या रेषा दिसतात. त्यामुळे दर दिवाळीला लोकरीचा पॅड लावून रबिंग मारून घ्यायची काही गरज नाही. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, प्रत्येक रबिंगला त्यातला थोडा जातो आणि तो परत उगवत नाही, कडांवर तर आधीच पातळ असतो. हलकं फिनिशिंग पॉलिश किंवा पेंट क्लीनर पुरे, डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशिंग मशीन असेल तर उत्तम, नसेल तर हाताने अ‍ॅप्लिकेटर पॅडवर, एका वेळी अर्धं पॅनल. आधी एका कोपऱ्यात करून बघा. काही जुन्या आणि कमर्शियल गाड्यांच्या साध्या पांढऱ्या रंगावर क्लिअर कोट नसतोच, तिथे पॅडवर पांढरा रंग उतरतो, तसं झालं तर घाबरू नका, फक्त हात अजून हलका ठेवा. पर्ल व्हाइटला वर क्लिअर कोट असतो, त्यामुळे पद्धत हीच.

आता वॅक्सचा डबा उघडा. माझं मत विचाराल तर पांढऱ्यावर कार्नोबापेक्षा (ताडाच्या पानांपासून मिळणारं नैसर्गिक वॅक्स) सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सच्या जागी लावायचा कृत्रिम थर, बरा. कार्नोबाचा जो उबदार ग्लो म्हणतात तो लाल किंवा काळ्या गाडीवर कळतो, पांढऱ्याला काचेसारखी धारदार चमक जास्त शोभते आणि आपल्या उन्हात सीलंट टिकतोही जास्त. अगदी पातळ लावा. गंमत अशी की पांढऱ्यावर लावलेलं दिसतच नाही, कुठे पुसायचं राहिलं ते कळत नाही, म्हणून टॉर्च तिरका धरून बघा आणि पुसायला गडद रंगाचं मायक्रोफायबर घ्या. काळ्या प्लास्टिकवर आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर तिथे पांढरे डाग बसतात आणि ते काढण्यात दुसरा रविवार जातो.

इथे बरेच जण थांबतात आणि मग गाडी तेवढी उठून का दिसत नाही म्हणतात. पांढरा रंग उठतो तो शेजारच्या काळ्यामुळे. आरशांच्या खालचे, काचेच्या रबराखालचे आणि नंबरप्लेटच्या लाइटखालचे काळे ओघळ पेंट क्लीनरने काढा, पॅनलच्या फटीतली माती जुन्या मऊ ब्रशने काढा, काळ्या ट्रिमला ड्रेसिंग लावा, टायर स्वच्छ करून मॅट ड्रेसिंग मारा, तेलकट चकचकीत नको, ते उडून बॉडीवर येतं. काचा आतूनसुद्धा पुसा. एवढ्यानेच गाडी नवीन वाटते, वॅक्स तेच आणि चमक मात्र वेगळी.

सणांचं राहिलंच. विसर्जनाच्या मिरवणुकीच्या रस्त्याजवळ गाडी लावली असेल तर गुलाल बसतोच, त्यावर ओला फडका मारला की गुलाबी लेप तयार होतो, आधी कोरडा गुलाल ब्लोअरने उडवा, मग पाण्याचा जोर, मग शाम्पू. रंगपंचमीचे ओले रंग त्याच दिवशी धुवा. दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायची पद्धत आहे, घरात कोणी ऐकत नसेल तर निदान ते काचेवर काढा, आणि पेंटवर काढलंच तर रात्रीपर्यंत ठेवू नका. हळदीचा पिवळा डाग राहिला तर घासत बसू नका, धुऊन गाडी दोन-चार दिवस उन्हात लावा, हळद उन्हाने फिकी पडते. कुंकू तसं जात नाही, त्याला क्लीनरच.

बाकी रोजचं म्हणाल तर पावसाळ्यात फक्त धुवा, पॉलिशचा घाट पाऊस ओसरल्यावर घाला. कबुतरं-कावळ्यांची विष्ठा दिसली की लगेच ओला टिश्यू मिनिटभर ठेवून उचला, पुसू नका. आणि दर दोन-तीन महिन्यांनी ती कोथिंबिरीची पिशवी हातात घालून बॉनेटवरून फिरवा, खरखर लागली तर आयर्न रिमूव्हर परत काढा, नाही लागली तर नुसता सीलंटचा एक पातळ हात मारून मोकळे व्हा.