पावसात लाईट गेली की काय करायचं (आणि लाईट येताना तर जास्तच सांभाळायचं)

आमच्या कोकणात जून लागला की लाईटचा भरवसा नाही, वारा सुटला की फांदी तारेवर येते, कुठे जंपर म्हणजे खांबावरची जोडतार तुटते, कुठे अख्ख्या भागाला वीज देणारी लाईन, म्हणजे फीडर, आपोआप बंद पडतो, आणि रात्रीच्या पावसात वायरमनला डोंगरातून लाईन चालत तपासावी लागते त्यामुळे वेळ लागतोच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगडकडच्या कितीतरी वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. म्हणजे दोन तासांची तयारी पुरत नाही, दोन दिवसांची ठेवावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टीव्ही, फ्रीज, पंप जळतात ते बहुतेक वेळा लाईट जाताना नाही तर परत येताना. तेवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

लाईट गेली की आधी बाहेर बघा, शेजाऱ्यांकडे आहे का. त्यांच्याकडे असेल आणि आपल्याकडेच नसेल तर मेन बोर्डाजवळ जा. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडली असेल तर खटका आधी पूर्ण खाली ओढून मग वर करायचा, काही एमसीबींचा खटका मधेच राहतो आणि नुसता वर ढकलला तर बसत नाही. टेस्ट असं लिहिलेलं छोटं बटण असतं ती ईएलसीबी पडली असेल तर कुठेतरी करंट लीक होतोय, पावसात हे हमखास होतं, पडवीतला बल्ब, अंगणातला प्लग, पंपाचा स्टार्टर, ओल्या भिंतीतली जुनी वायर. सगळ्या एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चालू करत जा, जी चालू केल्यावर ईएलसीबी परत पडेल त्या लाईनीत दोष आहे, ती बंद ठेवून बाकीचं घर चालवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. सारखी पडते म्हणून ईएलसीबी बायपास करून टाकणारे लोक आहेत, कृपा करून असं करू नका, माणूस वाचवायलाच ती बसवलेली असते. आणि हे सगळं कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून.

सगळ्यांचीच गेली असेल तर फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन, पंप सगळ्याचे स्विच बंद करा, जमलं तर प्लगच काढा, फक्त एक बल्ब चालू ठेवा म्हणजे लाईट आलेली कळेल. मग महावितरणच्या १९१२ नंबरला तक्रार द्या, शेजारचा देईल म्हणून बसू नका. बिलावरच्या बारा आकडी ग्राहक क्रमांकाचा फोटो आत्ताच मोबाईलमध्ये काढून ठेवा, अंधारात बिल सापडत नाही. तार तुटून पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं कधीच समजू नका, लांब राहा, गुरं आणि पोरं तिकडे जाऊ देऊ नका आणि फोनवर तार पडलीय हे आधी सांगा. डीपी (ट्रान्सफॉर्मरजवळची फ्यूजची पेटी) उघडून स्वतः फ्यूज टाकणं, काठीने आकडा सारखा करणं, हे गावात धाडसाचं काम समजतात पण त्यात माणसं गेलीत, वायरमनची वाट बघा.

अर्धवट लाईट असेल तर अजून जपा. थ्री फेज, म्हणजे तीन चालू तारांचं कनेक्शन असेल आणि त्यातली एक, म्हणजे एक फेज, गेली तर काही खोल्यांत लाईट असते, काहींत नसते, अशा वेळी थ्री फेज पंप चालू केलात तर मोटर जळते. आणि बल्ब अचानक डोळे दिपतील इतका प्रखर झाला, पंखा वेड्यासारखा पळायला लागला, तर न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, तुटलेला असू शकतो, म्हणजे २३० च्या जागी ३०० च्या पुढेही व्होल्टेज येऊ शकतं. विचार न करता मेन स्विच पाडा, मग फोन करा.

फ्रीजचं सोपं आहे, उघडू नका. बंद ठेवला तर चारेक तास आतलं नीट राहतं, गच्च भरलेला डीप फ्रीझर दोन दिवससुद्धा तग धरतो, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस. म्हणून फ्रीझरमध्ये जागा रिकामी असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, काठोकाठ नको, बर्फ फुगतो. दूध आधी तापवून संपवा. मासळी पूर्ण वितळली असेल तर परत गोठवायची नाही, थंड असेल तोवर शिजवून टाका, वास धरला असेल तर फेका. आता हे खास मुंबईला राहून गावचं घर बंद ठेवणाऱ्यांसाठी, वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि मग जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, बर्फाच्या आत किंवा तळाशी गेलं असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलेलं आहे, बर्फ दिसतोय म्हणून मासळी खाऊ नका.

घरात इन्सुलिन असेल तर चालू असलेली बाटली किंवा पेन फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे चालतं, पण किती तापमानापर्यंत ते पाकिटावर बघा. न उघडलेलं फ्रीजमध्येच राहू दे, बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. ऑक्सिजन मशीनवर कोणी असेल तर भरलेला सिलेंडर आणि तो लावता येणारा माणूस, दोन्हीची सोय मे महिन्यातच करा.

इन्व्हर्टरवाल्यांनी एक हिशोब करा. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, हातात येतात अकराशे-बाराशे. दोन जुने पंखे दीडशे वॉट, चार एलईडी छत्तीस, वायफाय दहा, म्हणजे पाच-सहा तासांत खेळ खलास. तेच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे नवे, असतील तर दहा तास जातात. म्हणून संध्याकाळी गेली तर झोपायच्या वेळेसाठी बॅटरी राखा. डिस्टिल वॉटरची पातळी पावसाळ्याआधी बघा, नळाचं पाणी ओतू नका. आणि छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त असाल तर ते ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनीला जोडलेलं, आहे का विचारा, बॅटरी नसलेलं ऑनग्रिड सोलर लाईट गेली की मुद्दामच बंद होतं, लाईनवर काम करणाऱ्या माणसासाठी.

जनरेटरचंही तेच. घरातल्या सॉकेटमध्ये पिन खुपसून पूर्ण घराला सप्लाय द्यायचा जुगाड करू नका, तो करंट मीटरमधून उलटा बाहेर जातो, ट्रान्सफॉर्मर उलटा चालून ११,००० व्होल्टच्या बाजूला जातो आणि तिथे खांबावर तुमच्यासाठीच पावसात चढलेला वायरमन असतो. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे घर एका वेळी एकतर लाईनीला नाहीतर जनरेटरला जोडलेलं राहतं. जनरेटर पडवीतसुद्धा नको, घरापासून लांब, चारी बाजूंनी मोकळ्या छपराखाली ठेवा, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. दार लावून खोलीत शेगडी पेटवायची नाही, कारण तोच. मेणबत्ती मच्छरदाणीजवळ नको, शक्यतो टॉर्चच वापरा.

मोबाईलची बॅटरी रेंज शोधण्यात संपते, टॉवरच बंद पडला असेल तर फ्लाईट मोडवर टाका आणि मुंबईच्या माणसांना सांगून ठेवा की अमुक वेळेला चालू करीन, कॉल लागला नाही तर साधा एसएमएस टाका, तो बऱ्याचदा जातो. पाण्यासाठी टाकी भरलेली ठेवा, वापरायच्या पाण्याला पागोळ्यांखाली पिंप लावा, पण झाकून, नाहीतर डास होतात.

लाईट आली की लगेच सगळं लावू नका. पाच-दहा मिनिटं बल्ब बघा, प्रकाश कमीजास्त होतोय का, परत जातेय का. स्थिर वाटली की आधी पंखे, मग फ्रीज, फ्रीज बंद केल्यापासून निदान पाच मिनिटं गेलेली असावीत नाहीतर कॉम्प्रेसरवर लोड येतो. पंप सगळ्यात शेवटी, कारण त्याच वेळी अख्खी वाडी पंप लावते आणि व्होल्टेज बसतं, अर्धा-पाऊण तास थांबलात तर तुमचीही मोटर वाचते आणि डीपीवरचा फ्यूजही.