कॉलेज 'हिरवं' करताना या चुका टाळा

पर्यावरणाची कार्यशाळा म्हटली की सभागृहात प्राध्यापक, आणि शिपाई-माळी बाहेर चहाच्या तयारीत. टाकीचा व्हॉल्व्ह, कूलरचा पंप, वर्गांचे मेन स्विच मात्र या बाहेरच्यांच्याच हातात! त्यांना आधी सांगा, तेही इमारतीत फिरवून. गळक्या नळाखाली लिटरची बाटली लावा. दहा मिनिटांत भरली, तर दिवसाला 144 लिटर गेले. वॉशर त्याच दिवशी बदलला जातो.

आता 5 जून. पर्यावरण दिन, म्हणून वृक्षारोपण त्याच दिवशी. अहो, विदर्भात तेव्हा बहुधा पाऊस पोचलेलाही नसतो! तरी टेम्पोभर रोपं येतात, वीतभर खड्डे होतात, पाहुणे फोटो काढून निघतात, आणि घाईत कितीतरी रोपं काळ्या पिशवीसकट पुरली जातात. पिशवीत मुळं गोल गोल फिरतात, बाहेर पडत नाहीत. त्यातून जगलेल्यांना पुढच्या उन्हाळ्यात काळी माती गाठते. ती भेगाळते, कोवळी मुळं तुटतात. मग जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. मे महिन्यात खणून तापू द्या. मातीत तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत आणि थोडा मुरूम मिसळा. 5 जूनला हवं तर भाषण करा, रोप दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावरच. कडुनिंब, करंज, चिंच बऱ्या. गुलमोहर वादळात फांद्या टाकतो. आळ्यात चार बोटं सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा, पण खोडाला चिकटवू नका. दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, ते रोपं आणायच्या आधी ठरवा. माणूस ठरत नसेल तर शंभराऐवजी वीसच आणा.

गांडूळखतात ताजं शेण टाकू नका; ते तापतं आणि गांडुळं मरतात. पंधरा दिवस निवू द्या.

नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, टीम यायच्या तोंडावर वीजबिलं शोधणं बंद करा. मीटरचं रीडिंग दर महिन्याला रजिस्टरमध्ये.

पर्यावरण अभ्यास हा विषय ज्याचा वर्कलोड कमी त्याच्या गळ्यात मारणं, हाही जुना खेळ. त्याऐवजी कॉमर्सच्या तासाला कॉलेजचंच वीजबिल घ्या. 75 वॅटचे 60 पंखे काढून 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावले, तर आठ तासांत 21.6 युनिट वाचतात. पंख्यांचे पैसे किती महिन्यांत फिटतील, ते मुलांना काढू द्या. आणि पंखे बदलताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर आधी काढा. बीएलडीसी त्याच्यावर नीट चालत नाही.